सहा-एक्केचाळीस की सात-एक्केचाळीस?

"जोडी कितीची पाहिजे?" काउंटरवरच्या माणसानं विचारलं, आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, टाटा १६१३ ट्रकची क्राऊन-पिनियनची जोडी, गाडी जुनी. तो म्हणाला, "ते कळलं ओ. पण १६१३ ला सहा-एक्केचाळीस पण बसते, सात-एक्केचाळीस पण बसते. सहा-सदतीसची पण एक पडलीय माझ्याकडं. एकदा नेलेली जोडी मी परत घेत नाही, आधीच सांगतो."

त्याचं बरोबरच होतं. क्राऊन आणि पिनियन, म्हणजे मागची चाकं फिरवणारे दोन दातेरी गिअर, कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो, आणि दोन्ही बदलायचे तर एकत्रच बदलायचे. चुकीच्या रेशोची, म्हणजे दातांच्या वेगळ्या प्रमाणाची, जोडी हाऊसिंगमध्ये, म्हणजे मागच्या एक्सलच्या पेटीत, मुकाट बसते. कुठं अडत नाही, कुठं घासत नाही. फक्त गाडीचा स्वभाव बदलतो. माझ्याच गाडीचा स्वभाव आधी कुणीतरी असाच बदलून ठेवला होता, हे मला त्या काउंटरवर माहीत नव्हतं.

गाडी मी जुन्या बाजारातून घेतलेली. रत्नागिरीकडून जांभ्याचा चिरा भरून घाट चढायचा, कोल्हापुरात खाली करायचा, आणि जाताना साखर, पशुखाद्य, भाजी, मिळेल ते घेऊन परत उतरायचं, हा तिचा धंदा. बहुतेक वेळ माझा ड्रायव्हर आबा चालवतो, अधूनमधून मी. काही महिन्यांपासून मागून आवाज येत होता. चाळीस-पन्नासच्या वेगाला ॲक्सिलरेटर दाबला की ओरडायची, पाय उचलला की गप्प. मिस्त्रींनी एकदा शेजारी बसून चक्कर मारली आणि निकाल दिला. ओढताना ओरडते आणि सोडल्यावर थांबते म्हणजे दातांची पुढची बाजू खाल्लीय. नुसतं बेअरिंग असतं तर दोन्हीकडं घुमलं असतं. पिनियनच्या सीलमधून तेलही गळत होतं. जोडी बदला, म्हणाले.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. गिअरबॉक्समधून निघालेला प्रोपेलर शाफ्ट मागं पिनियनला फिरवतो. पिनियन लहान, क्राऊन मोठा. सहा-एक्केचाळीस म्हणजे पिनियनला ६ दात आणि क्राऊनला ४१. शाफ्टच्या ६.८३ फेऱ्या झाल्या की चाकाची एक फेरी. सात-एक्केचाळीसला ४१ भागिले ७, म्हणजे ५.८६. आकडा मोठा तशी ओढ जास्त आणि पळ कमी. आकडा लहान तशी पळ जास्त, पण घाटात गिअर लवकर खाली घ्यावा लागतो. यापलीकडचं तत्त्वज्ञान चहाच्या टपरीवर भरपूर मिळतं.

आधी कागद बघितले. आरसीवर इंजिन नंबर, चेसिस नंबर, सीसी, व्हीलबेस, रिकामं वजन, सगळं असतं, मागच्या रेशोचा रकाना नसतो. ज्यानं गाडी विकली त्याला फोन केला. तो ठामपणे म्हणाला, "सातचा क्राऊन आहे. हायवेची गाडी आहे ती. तुम्हाला ऐंशीनं पळवून दाखवली नव्हती का?" दाखवली होती. काटा ऐंशीला टेकलेला मी स्वतः बघितला होता. मग सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर दिला. तिथल्या मुलानं संगणकावर बघून सांगितलं की कारखान्यातून ही गाडी सात-एक्केचाळीस घालूनच बाहेर पडली. आणि लगेच पुढं जोडलं, "पण साहेब, मधे कुणी काय घातलं असेल ते आमच्याकडं नसतं." शहाणा मुलगा. नोंद सांगते ती गाडीच्या जन्माची गोष्ट. आज हाऊसिंगच्या पोटात काय आहे ते तिला ठाऊक नसतं.

हाऊसिंगवर बोल्टखाली एक पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर आकडा ठोकलेला असतो. तारेच्या ब्रशनं ग्रीस आणि रंगाचे थर खरवडले. बोल्ट होता, पट्टी नव्हती. पट्टी जाणं म्हणजे बोल्ट एकदा तरी खोलला गेलेला. तिथं मला पहिली शंका आली.

दुसरी शंका खरं तर आधीपासून मनात होती, फक्त तिचा या गोष्टीशी संबंध आहे असं कधी वाटलं नव्हतं. मीटरप्रमाणे गाडी लिटरला ४.२ चं ॲव्हरेज देत होती. भरलेल्या, वय झालेल्या, घाट चढणाऱ्या १६१३ ला हे फारच छान. ओळखीचे ट्रकवाले ऐकून नुसते हसायचे. शिवाय महिन्याचा डिझेलचा खर्च आणि खेपा यांचा मेळ कधीच बसायचा नाही. आबाचा भत्ता किलोमीटरवर ठरलेला, त्यामुळं मीटरचं वाचन वहीत रोज चढायचं. मी त्या वहीत रत्नागिरी ते कोल्हापूरच्या नोंदी काढल्या. हे अंतर साधारण १३० किलोमीटर. वहीत सगळीकडं दीडशेच्या वर. मी आबाला विचारलं. तो म्हणाला, "घाटाची वळणं हायत की मालक, वाढतंच." वळणं रस्त्यावर जेवढी आहेत तेवढीच नकाशातही आहेत. पण मी काही बोललो नाही.

मीटर तपासायचं ठरवलं. रत्नागिरीच्या रस्त्यावर चौपदरीकरणाच्या कामात किलोमीटरचे दगड कुठं आहेत, कुठं नाहीत. म्हणून पुणे-बंगळूर महामार्गावर कोल्हापूरहून साताऱ्याच्या बाजूला जाताना दगडावरून दगड धरले, आणि मोबाईलवर जीपीएसही चालू ठेवलं. दोघांचं एकमत होतं. रस्त्याचे ६० किलोमीटर झाले तेव्हा मीटरवर ७० होऊन वर थोडं सरकलेलं.

साठाला सत्तर. म्हणजे सहाला सात.

हे कळलं तेव्हा मी पेठ नाक्याच्या पुढं एका ढाब्यावर गाडी बाजूला घेऊन वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडत होतो. या गाडीचा स्पीडोमीटर केबलवर चालतो, आणि केबल फिरते गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला. चाकं किती फिरली हे मीटरला कधीच दिसत नाही. त्याला फक्त शाफ्ट दिसतो, आणि कारखान्यात त्याला शिकवलेलं असतं की शाफ्टच्या अमुक फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर. सात-एक्केचाळीसच्या गाडीला ज्या केबलचा गिअर बसवलाय, त्याच गाडीत कुणी सहा-एक्केचाळीस घातली तर तेवढ्याच अंतराला शाफ्ट जास्त फिरणार. किती जास्त? ४१ भागिले ६ ला ४१ भागिले ७ नं भागा. एक्केचाळीस उडून जातात, उरतं सात भागिले सहा. बरोबर साठाला सत्तर.

सहा-सदतीस असती तर? तिचा रेशो ६.१७. मीटरनं साठाला त्रेसष्टच्या आसपास दाखवलं असतं. तेवढा फरक टायरच्या झिजेतही लपला असता. सत्तर लपत नाही.

पण टायरचा मुद्दा सोडून चालत नाही, कारण मीटर चुकण्याचं पहिलं कारण नेहमी टायरच असतं. माझ्या मागच्या चाकांना १०.००-२० मापाचे रिमोल्ड, म्हणजे नवा थर चढवलेले जुने टायर, आहेत, बऱ्यापैकी झिजलेले. सपाट जागेवर टायरच्या कडेला आणि खाली जमिनीवर खडूची रेघ ओढली, आबानं गाडी सरळ रेषेत हळूहळू पुढं घेतली, चाकाच्या ५ फेऱ्या झाल्यावर परत रेघ मारली, आणि टेप लावला. १५.९ मीटर. म्हणजे एका फेरीला ३.१८. गाडी भरलेली असताना मोजलं हे मुद्दाम, कारण वजनाखाली टायर दबतो आणि रिकाम्या गाडीचा घेर जरा मोठा भरतो. नव्या टायरपासून गुळगुळीत टायरपर्यंत सगळी झीज धरली तरी घेरात फरक पडतो दोन-तीन टक्क्यांचा. ९.००-२० घातले असते तरी आणखी तेवढाच. सतरा टक्के टायर खाऊ शकत नाही.

घेर हातात आला तसा वेगाचाही हिशेब झाला. या इंजिनची पूर्ण ताकद २४०० फेऱ्यांना, आणि पाचवा गिअर सरळ, म्हणजे इंजिन जेवढं फिरतं तेवढाच शाफ्ट फिरतो. २४०० भागिले ६.८३, गुणिले ३.१८, गुणिले ६०. ताशी ६७ किलोमीटर. सातच्या जोडीनं हाच आकडा ७८ होतो. परत येताना भरल्या गाडीनं सपाट रस्त्यावर पाचव्यात पाय पूर्ण दाबून ठेवला. जीपीएसवर वेग सदुसष्ट-अडुसष्टला जाऊन तिथंच थबकला. काटा मात्र दिमाखात ऐंशीजवळ. मला पळवून दाखवलेली ऐंशी ती हीच.

इथं बरेच जण थांबले असते, आणि खरं सांगायचं तर दुकानात जाऊन "सहा-एक्केचाळीस द्या" म्हणायला एवढं पुरेसं होतं. पण दुकानदार परत घेणार नव्हता, आणि जोडी स्वस्त नसते. शिवाय मीटरवरून काढलेला निष्कर्ष एका गृहीतावर उभा होता, की केबलचा गिअर मूळचाच आहे. तो कुणी बदलला असेल तर? म्हणून चाक उचलून मोजायचं ठरलं. मिस्त्रींना मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "खोलल्यावर दात मोजूच की." पण खोलायचं म्हणजे दोन्ही बाजूचे एक्सल शाफ्ट ओढायचे, प्रोपेलर शाफ्ट सोडायचा, तेल काढायचं आणि अख्खा सेट पुढून बाहेर घ्यायचा. माझ्या गाडीच्या हाऊसिंगला मागून उघडायचं झाकण नाही. आणि जोडी हातात नसताना गाडी खोलून ठेवली तर ती गॅरेजमध्ये उभी आणि हप्ता चालू. आधी मोजलं की जोडी आणून मगच खोलता येतं.

चाक उचलण्यात एक गोष्ट हलक्यात घेऊ नये. या गाडीचा पार्किंग ब्रेक मागच्या चाकांवर स्प्रिंगनं लागतो आणि हवेनं सुटतो. टाकीत हवा नसेल तर उचललेलं चाक फिरणारच नाही. हवा भरून ब्रेक सोडला की चाक फिरेल, पण मग गाडीला धरून ठेवणारं काही उरत नाही. म्हणून आधी सपाट फरशी. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. मागच्या जमिनीवर राहणाऱ्या बाजूलाही ठोकळे. जॅकवर एक बाजू उचलून एक्सलखाली घोडी, म्हणजे लोखंडी स्टँड, आणि वजन घोडीवर सोडलेलं. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणारे अजून पुष्कळ आहेत, आणि त्यातले काही आता नाहीत. गाडी अर्थात रिकामी. हवा भरली, इंजिन बंद केलं, किल्ली मिस्त्रींनी स्वतःच्या खिशात टाकली, गिअर न्यूट्रल, ब्रेक सोडला.

खुणा दोन. एक उचललेल्या चाकावर, समोर मडगार्डला बांधलेल्या तारेच्या टोकाशी जुळणारी. दुसरी पिनियनच्या फ्लँजवर, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जिथं जोडतात त्या चकतीवर, आणि तिच्यासमोर हाऊसिंगवर खडूची रेघ. मी चाकाशी, गॅरेजमधला पोरगा फ्लँजशी, आणि त्याच्या हातात मोबाईल, व्हिडिओ चालू. मोजणाऱ्याचं लक्ष कधीतरी उडतंच, व्हिडिओ परत बघता येतो.

सुरुवातीला त्याला सवय व्हावी म्हणून मी चाकाला एकच फेरी दिली. जोड चाक, थंड घट्ट तेल, टॉमी, म्हणजे लोखंडी सळई, अडकवून रेटावं लागतं. पोरगा खालून ओरडला, "साडेतीनला थोडं कमी! मालक, ह्यो तर साडेतीनचाच रेशो हाय की!"

मिस्त्री हसले. त्यांना माहीत होतं, पण का ते सांगायला त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. दोन्ही चाकं एकदम फिरली तर क्राऊन चाकाबरोबर फिरतो, एकास एक. पण इथं एक चाक जमिनीवर घट्ट आहे. अशा वेळी क्राऊनच्या पोटातले स्टार गिअर, म्हणजे डिफरन्शियलचे छोटे गिअर, त्या थांबलेल्या बाजूवरून चालत जातात, आणि उचललेलं चाक क्राऊनच्या दुप्पट फिरतं. म्हणजे चाकाची एक फेरी झाली तेव्हा क्राऊनची अर्धीच झाली. पोरग्यानं मोजलेलं बरोबर होतं, फक्त त्याला दोननं गुणायचं राहिलं. वळणावर आतलं चाक हळू आणि बाहेरचं जलद फिरू शकतं तेही याच रचनेमुळं. चिखलात एक चाक जागच्या जागी गरगरतं आणि दुसरं ढिम्म हलत नाही, तेही यामुळंच. पोरग्याला चिखलाचं उदाहरण दिल्यावर पटकन कळलं, त्यानं ते पाहिलेलं होतं.

आता एका फेरीवर भरवसा का ठेवायचा नाही? स्टार गिअरच्या क्रॉसमध्ये ढिलाई, एक्सलच्या आट्यांमध्ये ढिलाई, आणि खाल्लेल्या जोडीत तर दातांमध्येही. सगळा प्ले मिळून फ्लँज चांगलाच मागेपुढे हलत होता. एका फेरीत तेवढी चूक म्हणजे ६.८ आणि ६.२ यांतला फरक बुजायला वेळ लागत नाही. त्याला दोन उपाय. चाक आधी एका दिशेनं दाबून सगळी ढिलाई काढायची, खुणा मग जुळवायच्या, आणि मोजताना दिशा बदलायची नाही. दुसरं म्हणजे पुष्कळ फेऱ्या घ्यायच्या. चूक तेवढीच राहते, पण वाटली जाते.

किती फेऱ्या घ्यायच्या हे मी आदल्या रात्री ठरवलं होतं, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वात जास्त आवडलेला भाग तोच. रेशो म्हणजे काही कुठलाही दशांश आकडा नसतो. दात पूर्णच असतात, अर्धा दात कुणी कापत नाही. सहा-एक्केचाळीस असेल तर क्राऊनच्या ६ फेऱ्यांना पिनियनच्या बरोबर ४१ फेऱ्या व्हायला हव्यात. एक चाक उचललेलं असताना क्राऊनच्या ६ म्हणजे चाकाच्या १२. तेव्हा १२ व्या फेरीला चाकाची खूण तारेशी येईल त्याच क्षणी फ्लँजची खूणही आपल्या रेघेवर असली पाहिजे. सात-एक्केचाळीस असेल तर बाराव्या फेरीला फ्लँजची खूण भलतीकडं असेल, शाफ्टच्या ३५ फेऱ्या होऊन वर थोडी, आणि दोन्ही खुणा जुळायला चाकाच्या १४ फेऱ्या लागतील. सहा-सदतीसला बाराव्या फेरीला खुणा जुळतील खऱ्या, पण मोजणी सदतीस येईल. म्हणजे भागाकार करायचीच गरज नाही. खूण जुळते का बघायचं आणि आकडा ऐकायचा.

मी आणि आबा टॉमीवर, पोरगा खाली मोठ्यानं मोजतोय. दहाव्या फेरीला तो चौतीस म्हणाला. अकराव्याला सदतीस आणि अर्धा. बाराव्या फेरीला मी चाकाची खूण तारेशी हळूच आणून थांबवली.

"एक्केचाळीस. खूण खुणेवर."

मिस्त्री खाली वाकून स्वतः बघून आले. बोटाच्या पेरापेक्षा कमी फरक होता, तो प्लेचा. मग दुसरी बाजू उचलून तेच केलं, खरं तर गरज नसताना, आणि पुन्हा तेच आलं. ही पद्धत चाकापासून शाफ्टपर्यंतचा पूर्ण रेशो देते हे इथंच सांगतो, कारण काही टिपरना हबमध्येही, म्हणजे चाकाच्या मध्यभागीही, गिअर असतात. तिथं क्राऊन-पिनियनचे दात मोजून पूर्ण आकडा मिळत नाही, हबचा भाग वेगळा गुणावा लागतो. चाक फिरवून मोजलं तर तो आपोआप धरला जातो. उलट जोडी आणायला जाताना मात्र अशा गाडीत चाकावरचा आकडा दुकानदाराला सांगून उपयोग नाही.

दुकानात जाऊन सहा-एक्केचाळीस मागितली तेव्हा काउंटरवाल्यानं विचारलं, "नक्की?" मी नक्की म्हटलं. पण त्याआधी घरी एक वाद मिटवावा लागला होता. खोलतोच आहोत तर मूळची सात-एक्केचाळीसच का घालू नये? माझा कल तिकडं होता. साठच्या वेगाला इंजिन सहाच्या जोडीनं २१५० च्या आसपास फिरतं, सातच्या जोडीनं १८४० ला. तीनशे फेऱ्या कमी म्हणजे आवाज कमी, सपाटीला डिझेलही कमी. आबा ऐकून घेत होता. मग म्हणाला, "आंबा घाट कोण चढणार? वहीत चढायचा न्हाय त्यो." सातच्या जोडीनं प्रत्येक गिअरमधली ओढ सातातला एक भाग कमी होते. चिरा भरून जिथं आज तिसऱ्यावर गाडी निघते तिथं काही ठिकाणी दुसऱ्यावर यावं लागेल, आणि दुसऱ्यात घोंघावत चढण्यात सपाटीला वाचलेलं डिझेल परत जाईल. माझ्या गाडीचं भाडं घाट चढण्याचं आहे. पुणे-बंगळूर पळायचं असतं तर मी सातच घेतली असती. मधल्या कुणा मालकानं सहाची घातली तीही बहुधा अशाच कामासाठी, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. त्यानं मीटरचा गिअर बदलला असता आणि पट्टी परत लावली असती तर मला एवढे उद्योग करावे लागले नसते.

खोलल्यावर दात मोजले, अर्थात. क्राऊनला ४१, पिनियनला ६, आणि क्राऊनच्या कडेला ठोकलेलंही दिसलं. दातांची ओढीची बाजू मिस्त्री म्हणाले होते तशीच खड्ड्याखड्ड्यांची झाली होती, उलटी बाजू जवळजवळ नवीन. पोरग्यानं विचारलं, एक्केचाळीसच का, सरळ बेचाळीस का नाही, सहा सत्ते बेचाळीस, हिशेब सोपा. प्रश्न चांगला होता. बेचाळीस असते तर पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या त्याच त्या सात दातांना जन्मभर भेटत राहिला असता. एका दाताला खोट असली तर ती त्या सातांनाच खात बसणार. सहा आणि एक्केचाळीसला सामाईक भाजक नाही, म्हणून प्रत्येक दात फिरून फिरून दुसऱ्या बाजूच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सगळीकडं सारखी पडते. सात-एक्केचाळीस, सहा-सदतीस, याही जोड्या बघा, दोन आकड्यांना एकाच संख्येनं भाग जात नाही.

बसवण्याचं काम मिस्त्रींचं, त्यात मी फक्त बघ्या. नवीन बेअरिंग, नवीन सील. पिनियनची खोली शिमनं, म्हणजे पातळ चकत्यांनी, जुळवली, डायल गेज लावून दातांमधला प्ले मिलिमीटरच्या चौथ्या-पाचव्या भागापर्यंत आणला, दातांना रंग लावून फिरवला आणि ठसा बघितला. ठसा दाताच्या मध्यात, टोकांना नाही. पहिल्यांदा तो एका कडेला सरकलेला होता, तेव्हा त्यांनी न कुरकुरता परत शिम बदलले. घाई करणारा माणूस इथंच ओळखू येतो. जोडीबरोबरचे नंबर जुळतात का हे मी दुकानातच बघून घेतलं होतं, ते त्यांनी पुन्हा बघितलं. पट्टी मी पत्र्याची करून घेतली, ६/४१ ठोकून बोल्टखाली लावली.

आवाज गेला. सुरुवातीला काही खेपा हलक्या भरल्या, मग तेल बदललं.

मीटरचा गिअर मिळायला मात्र जोडीपेक्षा जास्त वेळ लागला. कुणी ठेवतच नाही, कारण कुणी मागतच नाही. शेवटी भंगारात आलेल्या एका सहा-एक्केचाळीसच्या गाडीचा मिळाला. तो बसवल्यावर साठाला साठ येऊ लागलं. आणि लिटरला ४.२ चं माझं ॲव्हरेज एका दिवसात ३.६ झालं. हसणारे ट्रकवाले हसायचे थांबले. गाडीचे एकूण किलोमीटर किती, हे आता कधीच कळणार नाही, कारण क्राऊन कधी बदलला ते कुणालाच माहीत नाही. मीटरवर आहे त्यापेक्षा कमी, एवढं नक्की. तेल बदलायच्या तारखा मीटर बघून ठरवत होतो, म्हणजे इतके दिवस लवकरच बदलत होतो, त्यात इंजिनचं भलंच झालं.

आबाचं मात्र भलं झालं नाही. पहिल्याच खेपेनंतर त्यानं वहीत वाचन लिहिलं, मागच्या पानावरचं बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. दीडशेच्या जागी एकशे तीस. भत्ता सातातला एक भाग कमी. "मालक, रस्ता आखूड झाला काय?" मी म्हटलं, वळणं तेवढीच आहेत. त्याला हे सगळं आधीपासून माहीत होतं का, हे मी विचारलं नाही आणि तो सांगणारही नाही. किलोमीटरचा दर वाढवून मागितला, त्यात तथ्य होतं, कारण काम तेवढंच आणि पैसे कमी हे कुणाला पटेल? शेवटी मीटर बाजूला ठेवून भत्ता खेपेवर ठरवायचं आम्ही दोघांनी मान्य केलं. रत्नागिरीची खेप कितीची धरायची, यावर बोलणी अजून चालू आहेत.